रुपयाला आठ आणे

दारात चपलांचा ढीग दिसला की आमच्याकडे माणूस दोनच गोष्टी समजतो. एक तर घरात सोयरीक जुळून राहिली, नाही तर कोणी गेलं. 2007 च्या मे महिन्यातल्या एका रविवारी ऊर्जानगरातल्या माझ्या क्वार्टरसमोर तसाच ढीग पडला होता. बाबांना ज्यांचे ज्यांचे पैसे द्यायचे होते, त्या सगळ्यांना त्यांनी दुपारी चार वाजता एकाच वेळी घरी बोलावलं होतं.

चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. कूलर घरघरत होता आणि पाणी टाकायला माझा मुलगा दर पाऊण तासाने बादली घेऊन पळत होता. शेजारच्या दोन घरांतून खुर्च्या आणल्या होत्या. बाबा मात्र खाली सतरंजीवर बसले. मी दोनदा म्हटलं, "बाबा, खुर्चीवर बसा." ते म्हणाले, "राहू दे. आज हीच जागा बरोबर आहे."

बाबा औष्णिक वीज केंद्रात लागले ते अगदी सुरुवातीच्या काळात. पहिला संच 1983 ला सुरू झाला, त्याच्या पुढच्या वर्षी. 2002 ला निवृत्त झाले तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे हाती आलं ते त्यांनी राखेच्या विटांच्या कारखान्यात घातलं. कल्पना वाईट नव्हती. आपल्याकडचा कोळसा शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. आमच्या चिमण्यांच्या सावलीत राहणाऱ्याला राखेची काय कमी? 1999 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वीज केंद्रांनी विटावाल्यांना राख फुकट द्यायची असं ठरलं होतं. गावाकडची अडीच एकर जमीन रस्त्याला लागून होती. तिथंच शेड टाकलं, मशीन बसवलं. राख, चुना, रेती, थोडं सिमेंट. साच्यातून वीट काढायची आणि मग दोन-तीन आठवडे पाणी मारत राहायचं.

विटा चांगल्या निघत. पण लोकांचा भरवसा लाल विटेवर. "राखेची वीट पाण्यात इरघळते" असं म्हणणारे गावोगाव. माल घेत ते ठेकेदार, आणि ठेकेदार घेत उधारीवर. दोन मोठ्या बांधकामांचे पैसे बुडाले आणि मग एका कर्जासाठी दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं, असं पाच वर्षं चाललं. त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही. ज्याने कर्ज केलं आहे त्याला ते पाठ असतं आणि ज्याने केलं नाही त्याला सांगून ते पटत नाही.

शेवटी आम्ही चंद्रपूरला वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी जो कायदा काढला तो 1920 चा निघाला, प्रांतिक नादारी कायदा. मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीन शहरांसाठी 1909 चा वेगळा आणि बाकी मुलखासाठी हा. पाचशे रुपयांच्या वर कर्ज असलं आणि फेडता येत नसलं तर जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालय मालमत्ता ताब्यात घेणार, विकणार, वाटणार आणि माणूस प्रामाणिक दिसला तर पुढे त्याची मुक्तता करणार. त्याच कायद्यात मधला एक रस्ताही आहे. कर्जदाराने तडजोड मांडायची, ज्यांचं देणं सिद्ध झालं आहे असे हजर सावकार बोलवायचे. त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त डोक्यांनी आणि रकमेच्या तीन-चतुर्थांशाने होकार दिला की ती सगळ्यांनी मान्य केली असं धरतात, मग त्यावर न्यायालयाची मोहोर.

वकीलसाहेब म्हणाले, "कोर्टात जाल तर वर्षं जातील. आधी घरी बोलावून पाहा. पण घरच्या बैठकीत बहुमत चालत नाही, एकही अडला तर अडला. यादी करा. एकही नाव लपवू नका. आणि तुमच्याकडे काय आहे तेही लपवू नका."

यादी बाबांनी स्वतःच्या हाताने केली. पतसंस्था साडेचार लाख. सिमेंटवाले शेठ एक लाख पंच्याऐंशी हजार. ट्रकवाला एक लाख वीस हजार. खासगी सावकार दोन लाख. माझे मामाजी एक लाख. बाबांचे बरोबरचे एक निवृत्त मित्र पंच्याहत्तर हजार. गॅरेजवाला दहा हजार. सात नावं, अकरा लाख चाळीस हजार. दुसऱ्या पानावर, जमिनीला येणारे तीन लाख दहा हजार आणि मशीन, शेड, उरलेला माल मिळून दोन लाख साठ हजार. बेरीज पाच लाख सत्तर हजार. म्हणजे रुपयाला आठ आणे.

बाबांनी हे सगळं वाचून दाखवलं. आवाज कापत नव्हता. शेवटी म्हणाले, "एवढंच आहे. घरातलं सोनं आधीच गेलं. जे आहे ते सगळ्यांत सारखं वाटतो. उरलेल्याची मले माफी द्या."

कोणी लगेच बोललं नाही. ट्रकवाल्याने पाणी मागितलं. सिमेंटवाले शेठ यादीचा कागद हातात घेऊन पुन्हा पुन्हा बेरीज करत होते. मला वाटलं होतं लोक ओरडतील. ओरडणाऱ्याला तोंड द्यायची तयारी करून मी बसलो होतो. पण समोरासमोर सात जण बसले की प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा दिसतो आणि आपल्या एकट्यालाच फसवलं नाही हेही दिसतं. तेवढ्याने अर्धा राग उतरतो. ही गोष्ट त्या दिवशी कळली. एकेकट्याने दारात येऊन तगादा लावणारी हीच माणसं किती वेगळी बोलत!

पहिला बोलला तो पतसंस्थेचा माणूस. तो साधा नोकरदार होता, त्याच्या हातात काही नव्हतं. म्हणाला, "काकाजी, तुमचे आठ आणे आम्ही घेऊ. उरलेलं आमाले सोडता येत नाही. ते जामीनदाराकडून घ्या लागते."

जामीनदार तिथंच, दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. बाबांच्या हाताखाली शिकलेला, वीज केंद्रात अजून नोकरीत असलेला माणूस. यादीत त्याचं नाव नव्हतं, कारण बाबांनी त्याच्याकडून एक रुपयाही घेतला नव्हता. त्याने फक्त सही दिली होती. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली पाहत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "सही माही हाय. पगारातून कापा."

त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, माफी मिळाली की कर्ज संपतं. तेव्हा समजलं की बुडालेला पैसा कुठं नाहीसा होत नाही. तो एकाच्या डोक्यावरून उतरतो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो. कायदा, पंचायत, सरकार कोणीही माफी दिली तरी एवढंच ठरतं की नुकसान कोणाच्या वाट्याला जावं. शेठच्या नफ्यातून जावं, मामाजींच्या पोरीच्या लग्नातून जावं, की सही देणाऱ्याच्या पगारातून?

आणि तेवढ्यात दाराशी ती बाई आली.

कारखान्यावर कामाला असायची. साठीची असेल. विटांवर पाणी मारायचं काम तिचं. डोक्यावर पदर, हातात पिशवी, गावाहून तुकूमपर्यंत बसने आणि तिथून पायी. चपलांचा ढीग बघून ती बाहेरच थांबली आणि माझ्या आईला हळूच विचारलं, "कोनी गेलं का जी?"

आई म्हणाली, "नाही गं माय. ये आत."

"मंग मी मागून येतो. तीन हप्त्याचा चुकारा राह्यला ना, तेच इचाराले आलो होतो."

कूलरच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. बाबांचा चेहरा मी तेव्हा जसा पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता. सात सावकारांसमोर दोन पानं वाचताना ते डगमगले नव्हते. आता ते कागदाकडे पाहत होते आणि त्यांना कळत नव्हतं की हे नाव यादीत कसं नाही.

अकरा मजूर होते. कारखाना बंद पडला तेव्हा प्रत्येकाचे अठरा दिवसांचे पैसे राहिले होते, दिवसाला ऐंशी रुपये. माणशी एक हजार चारशे चाळीस. सगळे मिळून पंधरा हजार आठशे चाळीस. बाबा लबाड नव्हते. त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना ते सुचलंच नाही. देणं म्हणजे ज्याने पैसा दिला त्याचं, असं त्यांच्या मनात होतं. ज्याने आपले दिवस दिले तोही उधारच देत होता, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मीही ती यादी तीन वेळा तपासली होती.

खासगी सावकार म्हणाला, "ठीक हाय, तेही लिहा. त्याइलेही आठ आणे. नियम सगळ्याइले सारखा."

ऐकायला हे न्यायाचं वाटतं. सगळे सारखे, सगळ्यांना निम्मं. त्या बाईला सातशे वीस रुपये. पण सावकाराचं निम्मं गेलं तर त्याचा धंदा थोडा लहान होतो, आणि हिचं निम्मं गेलं तर जो दाणा दुकानातून उधार आणून खाऊन झाला आहे, त्याचं देणं आता तिच्यावर उरतं. शिवाय सावकाराने पैसे दिले तेव्हा ते बुडू शकतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तो महिन्याला शेकडा तीन घेत होता. या बाईने आम्हाला कर्ज दिलंच नव्हतं. आम्ही ते तिला न विचारता घेतलं होतं. दोन आकडे सारख्याच शाईने लिहिले म्हणून दोन देणी सारखी होत नाहीत.

हे त्या वेळी मी बोललो नाही. बोलले सिमेंटवाले शेठ, ज्यांच्याशी आमचं सगळ्यात जास्त भांडण झालं होतं. कागद खाली ठेवत म्हणाले, "मजुराइचे पुरे देऊन टाका आधी. मंग उरलं ते आमच्यात वाटा. फरक किती पडते?" आणि त्यांनी तिथंच हिशेब केला. पाच लाख सत्तर हजारांतून ते वजा केले तर पाच लाख चौपन्न हजार एकशे साठ राहतात. आठ आण्यांतून दीड पैसाही पुरा कमी होत नव्हता.

सावकारासकट सगळ्यांनी मान डोलावली. नंतर वकीलसाहेबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, कायद्यातही मजुरी आधी द्यायची असंच आहे. फक्त 1920 च्या मूळ मजकुरात तिला मर्यादा आहे, माणशी वीस रुपये. तेव्हा वीस रुपयांना किंमत असेल. पण काळ बदलला आणि आकडा कागदावर तसाच राहिला की चांगला नियमही थट्टेसारखा दिसतो. पुढे 2016 मध्ये नवा दिवाळखोरी कायदा आला. त्यात बुडालेल्या कंपनीच्या कामगारांची चोवीस महिन्यांची देणी तारण घेतलेल्या सावकारांच्या बरोबरीला आणून बसवली. व्यक्तींसाठीचा भाग मात्र 1 डिसेंबर 2019 ला लागू केला तो कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. बाबांसारख्या साध्या माणसाला तो दरवाजा तेव्हा उघडला नाही.

अशा बैठका आमच्या मुलखाला नव्या नाहीत. आजोबा सांगत की त्यांच्या वडिलांचं कर्ज "बोर्डात" तुटलं. मध्य प्रांत सरकारने 1933 मध्ये कर्ज समझोत्याचा कायदा केला होता आणि त्याखाली मंडळं नेमली होती. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात. कास्तकार आणि त्याचे सावकार समोरासमोर बसवायचे, कर्ज कमी करून हप्ते पाडायचे. तिकडे पुणे-नगरच्या बाजूला त्याआधीच, 1875 मध्ये, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरात घुसून गहाणखतं जाळली होती. 1879 चा दख्खनचा शेतकरी कायदा त्यातूनच आला. जाळलेला कागद आणि बोर्डात बसून फाडलेला कागद, दोन्हींचा धूर एकच. फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात सावकाराला आपलं म्हणणं सांगायला जागा मिळते, आणि कर्जदाराला त्याच्या डोळ्यात पाहावं लागतं.

आमच्या बैठकीत सह्या झाल्या. पुढे आठवड्याभरात मुद्रांकावर करार झाला, पावसाळ्याआधी जमीन विकली आणि ठरल्याप्रमाणे वाटप झालं. मजुरांचे पैसे बाबांनी स्वतः गावी जाऊन दिले. सगळ्यांच्या सह्या, अंगठे एका वहीत घेतले. त्या बाईने पैसे मोजले नाहीत. पदरात बांधले आणि बाबांना चहा दिला.

कायद्याच्या भाषेत प्रकरण तिथं संपलं. बाबांचं संपलं नाही. त्याच वहीच्या मागच्या पानावर त्यांनी सात नावं पुन्हा लिहिली आणि प्रत्येकापुढे माफ झालेला अर्धा हिस्सा. मी विचारलं, "हे कशाला? सुटलं ना ते?" बाबा म्हणाले, "त्याइनं सोडलं. म्या कुठं सोडलं?"

या वाक्यावर मी कितीतरी वर्षं विचार करतो आहे. तुकोबांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. दुष्काळात दिवाळं निघालं, आणि पुढे घरात कर्जखतं होती त्यातला भावाचा अर्धा वाटा भावाला देऊन आपला अर्धा त्यांनी इंद्रायणीत बुडवला, असं परंपरा सांगते. म्हणजे दिवाळं काय असतं ते भोगलेल्या माणसाने दुसऱ्यांचं देणं सोडलं. पण नीट पाहिलं तर त्यांनी बुडवली ती आपल्याला येणं असलेली खतं. सोडण्याचा अधिकार येणेकऱ्याचा असतो. देणेकऱ्याने आपल्या नावाचं खत नदीत टाकलं तर त्याला वैराग्य कोण म्हणेल? मग कर्जमाफीचा कायदा काय करतो? तो येणेकऱ्याच्या वतीने कागद बुडवतो. ते कधी कधी करावंच लागतं, नाही तर माणूस जन्मभर दावणीला राहतो आणि त्याची लेकरंही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच ठरवलं की फेडायची ऐपत नाही आणि खोटही नाही, अशा माणसाला केवळ कर्जापायी तुरुंगात टाकता येणार नाही. याला माझा पूर्ण होकार आहे. पण सक्ती उठली म्हणजे देणंही उठलं का? बाबांचं म्हणणं होतं, नाही. सक्ती उठल्यावर जे उरतं तेच खरं देणं.

2013 ला बाबा गेले. वही माझ्याकडे आली. मुलाने बापाचं कर्ज फेडणं हा धर्म, असं आपल्याकडे जुन्या काळापासून मानलं आणि न्यायालयंही ते मानत. 2005 च्या हिंदू वारसा सुधारणा कायद्याने ते थांबवलं. 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जासाठी निव्वळ पुत्रधर्म म्हणून मुलाला धरता येत नाही. बाबांची काही कर्जं त्या तारखेआधीची, काही नंतरची, आणि सगळ्यांचा समझोता झालेला. माझ्याकडे मागायला कोणीच येणार नव्हतं. कोणी मागणार नाही हे पक्कं झाल्यावरच मला विचार करावा लागला.

मी सगळं फेडलं नाही, हे सांगितलं पाहिजे. जामीनदाराच्या पगारातून सहा वर्षांत सव्वादोन लाखांच्या वर कापले गेले. ते मी बाबा असतानाच, 2008 पासून, महिन्याला दोन हजार असे जवळजवळ दहा वर्षं त्याला दिले. पहिल्या वेळी त्याने हात मागे घेतला. मी म्हटलं, "भाऊ, तू घेतलं नाहीस तर मले क्वार्टरच्या रस्त्यानं तुह्या घरासमोरून जाता येणार नाही." मग घेतले. मामाजींनी घेतले नाहीत. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी आहेर केला आणि दोघांनीही तोंडातून शब्द काढला नाही. मित्राच्या विधवा पत्नीला पूर्ण दिले. गॅरेजवाल्याचेही झाले. ट्रकवाला आता इथं राहत नाही. शेठकडे गेलो तर ते म्हणाले, "मी त्या दिवशीच खात्यातून काढून टाकले. आता परत लिहिले तर हिशेब बिघडते." पतसंस्थेचं तर जामीनदारातून वसूल झालंच होतं.

राहिला खासगी सावकार. त्याच्या दोन लाखांवर बाबांनी चाळीस महिने सहा हजारांप्रमाणे व्याज दिलं, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. वर समझोत्यात जवळजवळ निम्मं मुद्दल. जुन्या शास्त्रात दामदुपटीचा नियम होता, थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर मागता येत नाही. पण ते थकलेल्या व्याजाचं झालं, महिन्याच्या महिन्याला दिलेलं त्यात धरत नाहीत. म्हणजे नियमाचाही आधार नाही. तरी मी मनाशी म्हणतो, या माणसाचं मी काही देणं लागत नाही. त्याला दिलेल्यापेक्षा जास्त मिळालं.

आणि मग आठवतं की एका दिवाळीला पतसंस्थेने हात वर केले, नातेवाइकांनी पाठ फिरवली, तेव्हा रात्री नऊ वाजता याच माणसाने रक्कम काढून दिली होती. त्या पैशातूनच मजुरांचा दिवाळीचा चुकारा झाला होता. त्या बाईचाही. माझा हिशेब न्यायाचा आहे, की जो माणूस मला आवडत नाही त्याचं देणं सोडून देणं सोपं जातं म्हणून मी तो असा मांडतो? ज्यांचे दिले त्यांच्यासमोरून मला जावं लागतं. याच्या घरावरून माझा रस्ता नाही. हेही खरं कारण असू शकतं.

वहीत सहा नावांवर रेघ आहे. ट्रकवाल्याच्या नावावर रेघ मारली ती त्याचा भाऊ पदमापूरला भेटला तेव्हा, त्याच्या हाती रक्कम देऊन. सातव्या नावावर मी अजून मारली नाही. तिथं पैसे दिलेले नाहीत, आणि देणार नाही असंही लिहिलेलं नाही. मुलाला मी वही दाखवली आहे. त्याने विचारलं, हे कोण? मी त्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या, चाळीस महिन्यांच्या व्याजाची आणि दिवाळीच्या रात्रीचीही.